भावकूआण्णांचा खड्डा

निपाणीजवळच्या खेड्यात पंचायतीची क्लार्की करणाऱ्या भावकूआण्णांनी सत्त्याऐंशी साली एकाएकी ठरवलं, की आपण गांडुळं पाळायची. तालुक्याला व्याख्यान ऐकून आले होते ना! गांडुळं शेणकचरा खातात, त्याचं झकास खत करतात आणि रजा मागत नाहीत. असे कर्मचारी आण्णांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. (रोज आरशात बघत असूनही.)

हजार गांडुळांचा डबा मांडीवर घेऊन ते एसटीनं घरी आले. परसात खड्डा खणला, शेण-पाचोळा भरला, वर ओलं गोणपाट टाकलं. बायकोला, जयाबाईंना बजावलं, की इकडं फिरकायचं नाही. तुझं खरकटं तुझ्या मोरीच्या अळवात टाक. पंधरा दिवसांनी कृषी खात्याचे साहेब येणार होते. खड्डा पसंत पडला, तर तिथं बोर्ड लागणार होता आणि सगळा तालुका तो बघायला लोटणार होता. आण्णांचे पाय जमिनीवर ठरेनात.

साहेब यायच्या आदल्या दिवशी त्यांना वाटलं, बिचाऱ्यांना काहीतरी चांगलंचुंगलं घालावं. आता निपाणी भागात चांगलंचुंगलं म्हणजे काय? आण्णांना स्वतःला दाढेखाली चिमूट धरल्याशिवाय सहीसुद्धा येत नसे. त्यांनी वखारीतून पोतंभर तंबाखूची भुकटी आणली आणि मायेनं खड्ड्यात मिसळली.

साहेबांपुढं आण्णांनी झोकात गोणपाट उचललं. आत एक गांडूळ नाही. कोपरापर्यंत हात घातला, तरी नाही. साहेबांनी माती हुंगली आणि ते तीनदा शिंकले.

"ह्यात काय घातलंत?"

"तंबाखू, साहेब. एक नंबर माल."

साहेबांनी कपाळाला हात लावला. तंबाखूचं पाणी फवारून शेतकरी किडे मारतात, हे क्लार्कला कोण सांगणार? हजार जीव आपल्या हातून गेले, या विचारानं आण्णांना खरंच भरून आलं. त्यांनी जड मनानं दाढेखाली चिमूट दाबली.

"मेली न्हाईत," जयाबाई म्हणाल्या. "माज्या मोरीकडं आल्यात."

अळवाची पानं रोजच्या खरकट्यावर आधीच सुपाएवढी झाली होती. बुडाशी माती उकरली, तर गांडुळंच गांडुळं! साहेब इस्त्रीच्या पँटीनिशी चिखलात बसले आणि बोर्ड तिथंच लावायचं ठरलं, जयाबाईंच्या नावाचा. आण्णांनी फक्त दहा फूट लांब राहायचं होतं.

"मी वीस वर्सं सांगून तुमास्नी कळंना," जयाबाई म्हणाल्या, "त्यास्नी एका दिवसात कळलं."

आण्णांकडं यावर चोख उत्तर होतं. पण तोंड भरलेलं होतं, आणि थुंकायला जावं तिथं गांडुळं.