बखर सीडी ड्राइव्हाच्या मानपानाची

श्री. जी आली तर उजेड आणि गेली तर अद्दल, त्या वीजमाउलीस पहिला दंडवत. कीबोर्डाच्या फटीत राहून सर्वांचे कारभार पाहणाऱ्या मुंगीस दुसरा. आणि मग हकीकत ऐसीजे: शके एकोणीसशे बत्तीस, विकृतिनाम संवत्सरे, माघ शुद्ध अष्टमीस राज्याच्या यंत्रशाळेवर जे संकट गुदरले आणि नवमीस जैसे निवारले, ते येथे लिहिले असे. राज्यास नाव होते, परंतु ते घेतले म्हणजे शेजारील राज्ये हसतात, सबब लिहिले नाही. मानपान हेच तेथील मुख्य पीक. कोणी कोणापुढे बसावे, कोणाचे पानावर आधी मीठ पडावे, याजवर मसलत होई, आणि त्या मसलतीत आधी कोणी बोलावे याजवर दुसरी मसलत होई.

यंत्रशाळेचा कारभार मथुराबाई यंत्रनीस यांजकडे होता. गतवर्षी महाराजांची आज्ञा जाहली की, राज्यातील बायांची जात्यावरली गाणी यंत्रात साठवावी, आणि मग बाईंनी कोंडामावशीस बोलाविले. ही मावशी म्हणजे गाण्याचे आगर; जात्याचा खुंटा हाती आला की ओवी अशी यावी, जैसा ओल्या भुईतून कोंभ. मावशीने आपल्या माहेरची हळदीची ओवी यंत्रास ऐकविली. ती तिच्या आईने तिलाच दिली होती, दुसऱ्या कोणास ठाव नव्हती. घरच्या लेकीची हळद दळिताना गावी, एरवी ओठावर आणू नये, परक्यास देऊ नये, ऐसा कुळाचार; राजाज्ञेस्तव तो एकदा मोडिला. गाऊन जाहल्यावर मावशीने पुसिले, "मथुरे, नीट ठेवलीस ना? गळायची नाही ना कुठून?" बाई म्हणाल्या, "मावशी, माणूस विसरेल, यंत्र नाही विसरायचं." मावशी म्हणाली, "मग सुटले बाई. कणगीत भरल्यावर ओच्यात घेऊन कोण हिंडतं?" ऐसे बोलून ती घरी गेली, आणि खरोखरच विसरली.

पुढे मावशीची नात इंदू हिचे लग्न नेमिले. दशमीस सकाळी सुवासिनींनी जात्यावर हळद दळावयाची, आणि अष्टमीस काय जाहले, तर वीज गेली, आली, आणि पुन्हा गेली, आणि त्या हिसक्यात यंत्र ज्याच्या आज्ञेने चालत होते तो जुना अंमल कोसळला. डिस्क शाबूत, तीत ओवी शाबूत, परंतु दार उघडणारा कोणी उरला नाही. पडद्यावर नुसती निळी अवकळा. नवमीस सकाळीच कोंडामावशी यंत्रशाळेच्या उंबऱ्यावर पानाची चंची सोडून बसली आणि म्हणाली, "मथुरे, रात्रभर आठवतेय. पहिला शब्दच येईना गं. जीभ नुसती रिकाम्या जात्यासारखी फिरतेय. उद्या पोरीपुढं काय गाऊ?" मथुराबाईंच्या काळजात सुई गेली, कारण विसरण्याची मुभा त्यांनीच दिली होती. परंतु तोंडावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दुपारचं जेवण तुम्ही गात गात जेवाल, मावशी."

उपाय एकच होता. लिनक्स नामे एक नवा कारभारी आहे. तो सीडीवर बसून येतो, डिस्कीस हात न लावता आधी घर हिंडून पाहतो, आतले सामान दाखवितो, आणि मग म्हटले तर कायमचा मुक्काम करितो. बाईंनी त्याची सीडी ड्राइव्हात ठेविली आणि यंत्र चालू केले. बायोस नामे द्वारपाल, जो यंत्राच्या जन्मापासून देवडीवर बसला आहे, त्याने सीडी पाहिली आणि मान डोलाविली, आणि ड्राइव्ह म्हातारपणास साजेल तैसा घरघरला, आणि लिनक्स आत आला, आणि पडद्यावर अक्षरे ओढ्यासारखी वाहिली, आणि बाईंनी कपाळीचा घाम पुसावा तो ओढा एकाएकी थांबला आणि कारभारी पुसता जाहला: "सीडी ड्राइव्ह सापडत नाही. सीडी कोठे आहे?"

"काय म्हणतोय गं तो?" मावशीने विचारिले.

"मावशी, ज्या ड्राइव्हातून हा आत आला, तोच ड्राइव्ह याला दिसत नाही."

"अगं बाई! म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून मांडवात आला आणि विचारतोय, घोडा कुठाय?"

"अगदी तस्सं."

"मग त्याला म्हणावं, मुडद्या, खाली बघ!"

परंतु यंत्रास खाली पाहता येत नाही. इतक्यात मानपानाचे दिवाण हणमंतराव पगडी सावरीत आले आणि त्यांनी मोहीम हाती घेतली. प्रथम म्हणाले, सीडी मळली असेल, आणि आपल्या जरीच्या उपरण्याने पुसली, तेणेकरून तीवर जरीचे ओरखडे उमटले. मग बाईंनी बाजारातल्या दुकानी दुसरी सीडी सावकाश लिहवून आणिली, ती घातली, तरी तोच प्रश्न. मग दिवाणांनी ड्राइव्हाची दृष्ट काढविली, मीठमोहऱ्या निखाऱ्यावर टाकिल्या, आणि ठसका लागून स्वतःच अंगणात गेले. मग पडद्यावर नवी मागणी उमटली की, ड्राइव्हाशी बोलणारा दुभाषा फ्लॉपीवर असल्यास फ्लॉपी घालावी. यंत्रशाळेत फ्लॉप्या होत्या, परंतु त्या चहाच्या पेल्यांखाली होत्या, आणि यंत्रास फ्लॉपीचे तोंडच नव्हते. हे ऐकून दिवाण गंभीर जाहले आणि बोलिले, "बाई, महाराज सायंकाळी यंत्रशाळा पाहावयास येणार. तोवर यंत्र बोललं नाही तर डिस्क कोरी करून, सीडीवाचून जमेल त्या मार्गानं नवा अंमल बसवावा, अशी आज्ञा आहे."

"दिवाणसाहेब, डिस्क कोरी केली तर ओवी गेली."

"एका ओवीपायी राज्य थांबत नाही, बाई."

उंबऱ्यावर मावशीचे पान चघळणे थांबले. तिने चंची आवळून बांधिली, आणि ते पाहणे मथुराबाईंस दिवाणांच्या बोलण्याहून जड गेले.

मग बाई यंत्रापुढे मांडी घालून बसल्या आणि मनाशी विचार करू लागल्या की, द्वारपालास ड्राइव्ह दिसतो आणि कारभाऱ्यास दिसत नाही. दोघे एकाच घरात उभे. तर हा म्हातारा अशा कोणत्या कोनाड्यात बसला आहे, जेथे जुन्या माणसाची नजर पोचते आणि नव्याची पोचत नाही? ऐसे मनात येताच त्यांनी वीज तोडिली आणि पेटीचे कवच काढिले. आत धूळ होती, कोळ्याचा एक सुखी संसार होता, आणि मदरबोर्डावर निळ्या खाचांची एक रांग होती, तीत डिस्क निमूट बसली होती. आणि रांगेपासून दूर, कडेला, एक पांढरी खाच एकटीच होती. ड्राइव्हाची केबल त्या पांढऱ्या खाचेत होती, आणि केबलीस वाळलेले कुंकू लागले होते.

कुंकू पाहताच बाईंस सर्व आठवले. जुना मदरबोर्ड जाऊन हा नवा आला, तेव्हा दरबार भरला होता. डिस्क नवी आणि ड्राइव्ह आधीच्या यंत्रापासूनचा चाकर. जुन्याने कालच्या पोरीच्या मांडीस मांडी लावून बसावे हे दिवाणांस सहन होईना, आणि मग त्यांनीच ती वेगळी पांढरी खाच पाहून मानाची गादी ठरविली, आणि सनई लावून, कुंकू वाहून, केबल आपल्या हाते जोडिली. बाई तेव्हा काही सांगू पाहत होत्या, परंतु सनईपुढे कोणाचे काय ऐकू येते? रांगेतल्या जागांचा कारभार मदरबोर्डावरल्या मुख्य चौकीकडे असतो आणि तिची बोली सर्वांस येते. त्या एकट्या गादीस निराळी चिमुकली चौकी होती. तिची बोली द्वारपाल जाणे, परंतु लिनक्स बापडा जाणत नव्हता. त्याच्या लेखी तिकडे नुसती भिंत.

बाईंनी केबलीस हात घातला, तोच दिवाण गर्जले, "खबरदार! मानाच्या गादीवरून उठवता? वडीलधाऱ्याचा अपमान या राज्यात कधी झाला नाही!"

"अपमान नाही, साहेब. रांगेत बसला की नव्याला दिसेल."

"रांगेत? आज ड्राइव्ह रांगेत, उद्या मी रांगेत!"

बाई चौक्या, बोली, दुभाषे सर्व समजावून सांगू लागल्या, परंतु दिवाणांची पगडी हलेना. उन्हे अंगणाच्या निम्म्यावर आली. तेव्हा कोंडामावशी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पेटीत डोकावली आणि बोलिली, "हणमंता, तुला मी लंगोटीत पाहिलाय, म्हणून सांगते. लग्नघरी म्हाताऱ्याला कुठं बसवतात रे?"

"पंगतीत. पहिल्या पानावर."

"आणि वेगळं पान, लांब, कडेला, एकटंच मांडतात, ते कोणाचं?"

दिवाणांचा हात पगडीकडे गेला. मावशी म्हणाली, "पितरांचं. तू या जित्या म्हाताऱ्याला पितरांच्या पानावर बसवलंस. मग नव्या माणसाला तो दिसेल कसा?"

"शिव शिव शिव!" ऐसे म्हणून दिवाणांनी पगडी काढून ठेविली आणि कानाच्या पाळ्या धरिल्या, आणि मग स्वहस्ते केबल पांढऱ्या खाचेतून काढिली आणि हलकेच पुसिले, "बाई, पहिलं पान कोणतं?" बाईंनी दाखविले. त्या जागी डिस्क होती. मग डिस्कीस दुसऱ्या पानावर सरकविले, आणि ती पोर असल्याने तिने काही म्हटले नाही, आणि ड्राइव्ह पहिल्या पानावर बसला. बाईंनी वीज जोडून बायोस द्वारपालास नव्या जागा सांगितल्या आणि सीडी पुन्हा आत लोटिली.

ड्राइव्ह घरघरला. अक्षरे वाहिली. जेथे ओढा थांबत असे तेथे आला, आणि मावशीने पदराचे टोक दाती धरिले, आणि ओढा पुढे गेला. पडदा फाकला, उजळला, आणि नव्या कारभाऱ्याने घर हिंडून डिस्कीचे दार उघडिले. बाईंनी ओवीवर बोट ठेविले, आणि यंत्र मावशीच्या आवाजात गाऊ लागले:

हळद दळिते गं, पिवळं झालं पीठ,
लेकी माझ्या बाई, तुझी वाट होवो नीट.

मावशी ऐकत राहिली. यंत्राने दम घेतला, तो तिचा हात आपोआप वाऱ्यात फिरू लागला, खुंटा धरल्यासारखा, आणि यंत्राच्या आधी तीच गाती जाहली:

हळद दळिते गं, हात झाले सोनं,
जातीस परघरी, माझं अंगण होतं उणं.

"बंद कर त्याला," मावशी डोळे पुसून म्हणाली. "फार पळतंय मेलं. जातं एवढं पळत नाही." मग म्हणाली, "मथुरे, आता दोन जागी ठेव. एक यंत्रात आणि एक तुझ्या तोंडात."

"माझ्या? मावशी, मी गायला लागले की मांजर घर सोडतं."

"ओवीला गळा लागत नाही, दळण लागतं."

"आणि तुमचा कुळाचार? घरच्यांवाचून कोणाला द्यायची नाही ना?"

"असं एकटं, वेगळं ठेवल्यापायीच तर म्हातारा दिसत नव्हता," मावशी म्हणाली. "ये उद्या जात्यावर."

सायंकाळी महाराज आले, यंत्र बोलते पाहून संतोषले, आणि दिवाणांनी सर्व मोहीम आपण कैसी फत्ते केली ते सविस्तर सांगितले. बाईंनी हरकत घेतली नाही. त्या ओठातल्या ओठात दुसरी ओळ घोकीत होत्या. दशमीस सकाळी त्या मावशीसमोर खुंटा धरून बसल्या आणि गाईल्या, आणि मांडवातले मांजर उठून गेले, आणि सुवासिनी पदरात तोंड घालून हसल्या, आणि नवरी इंदू इतकी हसली की हळद लागण्याआधीच तिचे तोंड उजळले. मावशीने मात्र सूर सुधारला नाही. ती फक्त जाते हळू फिरवू लागली, म्हणजे बाईंस शब्द गाठता यावा.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. सारांश: ड्राइव्ह पंगतीस बसला तेणेकरून दिसू लागला, दिवाणांची पगडी डोईवर आहे, लिनक्स मुक्कामास राहिला, आणि ओवी दोन ठिकाणी आहे. सुरातली पेटीत बसून आहे. बेसूर आहे ती हिंडते आहे. लेखनसीमा.