मागच्या बोळीतला कॅमेरा

शनिवार, ४ मे २०२४. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खुशालरावांनी अंगणातल्या हौदात मोजपट्टी बुडवली. पाणी चार इंच निघाले. अकोल्याच्या त्या वसाहतीत नळ पाचव्या दिवशी येई आणि मागची पाळी परवाच झाली होती. हौद निम्म्याहून अधिक भरलेला असायला हवा होता.

खुशालराव तंत्रनिकेतनाचे पदविकाधारक, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. घरातले पाणी त्यांनी स्वतः आखलेल्या व्यवस्थेने फिरे : हौदातून पंप ते आपोआप गच्चीवरच्या टाकीत चढवी आणि टाकीतून एक नळी थेट मागच्या खिडकीतल्या कूलरला जाई. व्यवस्था चुकणे शक्य नव्हते. मग उरला शेजारी. निवृत्त पोस्टमास्तर देवमन यांच्या अंगणात त्याच सकाळी भरपूर सडा पडला होता.

"रातच्याले कोनीतरी माह्या हौदात पाइप सोडून राहिलं," खुशालराव कुंपणाशी मोठ्याने म्हणाले.

"कोनीतरी म्हंजे कोन? नाव घ्या ना," देवमन म्हणाले.

"कॅमेरा घेईन नाव."

दुपारीच किशोर नावाचा कॅमेरेवाला शिडी घेऊन आला. पहिली जागा फाटकाच्या खांबावर ठरली. तास झाला नाही तोच देवमनच्या पत्नी जाईबाई ओल्या केसांनी कुंपणाशी आल्या.

"भाऊजी, म्या आता केस धुवाले बसताना पावडर लावून बसू का? काढा तो डोया आमच्या अंगनातून."

कॅमेरा हौदाच्या झाकणावर रोखण्यात आला. झाकण ओट्यावर, आणि ओटा खुशालरावांच्या पत्नी सुभद्राबाईंचा.

"मले भाजी निवडाची का फोटो काढाचा?" त्यांनी नवऱ्याला विचारले. "दिवसभर गाऊनवर असतो मी इथं. हा राहीन, नाहीतर सैपाक राहीन."

किशोरने घाम पुसला. "काका, आता एकच जागा राहिली. मागची बोळ. तिथं कोनाले राग येत नाई, कावून का तिथं कोनी जातच नाई."

खुशालरावांनी विचार केला. जिथे कोणी जात नाही, तिथूनच चोर येणार, हे तर्काला धरून होते. बोळीच्या तोंडाशी भंगार रचलेले असल्याने ते स्वतः आत गेले नाहीत. किशोर कुंपणाच्या भिंतीवरून चालत गेला आणि उन्हापासून बचाव म्हणून कॅमेरा कूलरच्या लोखंडी स्टँडखाली लावून आला.

रविवारी सकाळी मोबाइलवर चित्र आले ते धुक्यात बुडालेले. मधूनच काचेवरून थेंब ओघळत होता. खुशालराव बनियनवरच देवमनच्या दारात गेले.

"आता कॅमेऱ्यावरही पानी फेकता? पुरावा मिटवता? मी पोलिसात जातो."

देवमन चहा तसाच ठेवून उठले. "बावीस वर्षं शेजारी आहो आपन. तुमच्या गच्चीचा स्लॅब टाकला तवा रातभर पानी कोनं मारलं? मी. अन् आज मी पानीचोर? हा पाहा, तुमच्यासमोर उभा राहिलो. हे माहे दोन हात. आता पाहा मोबाइल."

खुशालरावांनी मोबाइल पाहिला. देवमनचे दोन्ही हात समोर होते. काचेवर थेंब पडला. मग दुसरा. मग धार लागली.

"तुमची बोळीतली केळ तं भिंतीवरून डोकावून राहिली, भाऊजी," आतून जाईबाई म्हणाल्या. "मे महिन्यात इतकी हिरवी. मी मनलं, यायच्याकडे लई पानी दिसते."

भंगार उपसायला दोघांना अर्धा तास लागला. कूलरच्या टाकीतला तरंगता गोळा क्षारांनी जाम झाला होता. पाणी बंद करण्याचे काम त्याचे. त्याने ते केव्हाच सोडले होते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी कूलरमध्ये, कूलरमधले बोळीत, आणि टाकी रिकामी झाली की पंप तत्परतेने हौद उपसत होता. व्यवस्था कुठेही चुकली नव्हती. बोळीत पोटरीएवढा चिखल होता आणि त्यात केळ घडाने वाकली होती.

"बोलवू का पोलीस?" देवमनने विचारले.

क्षमा मागणे खुशालरावांच्या अभ्यासक्रमात नव्हते. त्यांनी गोळा व्हिनेगरने घासून बसवला, कॅमेरा त्याच गोळ्यावर रोखला आणि संध्याकाळी केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन शेजारी गेले.

देवमनने घड खांद्यावरून उतरवून घेतला.

"म्हंजे खुशालराव," ते म्हणाले, "तुमचं पानी शेवटी आमच्याच घरी आलं."

मंगळवारी नळ आला. शनिवारी, पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी, खुशालरावांनी मोजपट्टी बुडवली.

पाणी : दोन फूट एक इंच.