भोईर सरांची सरासरी

भोईर सरांना वेळ विचारू नये. मनगटावर घड्याळ असूनही ते म्हणणार, "दहाच्या आत नाय, सव्वादहाच्या भायेर नाय." चहात साखर? "एका चमच्याहून जास्त, दोनाहून कमी." म्हसा गावच्या जत्रेत घोंगडीवाल्याला आपण जास्तीत जास्त किती देऊ, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. त्याने अर्थातच तेवढेच घेतले. ही हकीकत मी स्टाफरूममध्ये पुन्हापुन्हा रंगवून सांगतो, कारण मला हा माणूस बघवत नाही.

आम्ही दोघंही मुरबाडच्या एकाच शाळेत गणित शिकवतो. नववीला मी एक गणित घातलं: शहापूरहून मुरबाडला ताशी वीस किलोमीटरने आलो, जाऊन-येऊन सरासरी चाळीस पडायला हवी, तर परतीचा वेग किती? माझ्या मनात साठ होतं. क्ष धरून फळाभर समीकरण मांडलं आणि शेवटी क्षच नाहीसा झाला. घंटा झाली म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवशी बदली तासाला त्याच वर्गावर भोईर सर गेले. "पोरांनो, चाळीसने जाऊन-येऊन जेवढा टाइम लागतो, तेवढा वीसने येतानाच संपला. परतायला शून्याहून जास्त टाइम लागणारच ना रे? मग सरासरी चाळीसच्या खालीच. इमान आणा नायतर रॉकेट!"

हे मला सांगितलं माझ्याच मुलीने, त्याच वर्गातल्या केतकीने. "बाबा, सरांनी क्ष घेतलाच नाही!" तेव्हापासून घरात उठता-बसता भोईर सर. तिच्या शंकाही त्यांनाच. बापाकडे नुसती सहीला येते. माझा नुसता जळफळाट.

शेवटी एका संध्याकाळी त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. यापुढे केतकीच्या शंका मीच सोडवीन, असं तोंडावर सांगितलं.

सरांनी मला बसायला खुर्ची सरकवली. "बरोबर हाय. तुमची पोर, तुमालाच इचारील. पण सर, मला तुमचा लय हेवा वाटतो. घरी आली की ती सांगते ना, आज शाळेत काय झालं? मला सांगणारं कोण नाय, माझं ऐकणारं पण नाय. एखादं गणित झकास सुटलं का मी हितं एकटाच मोठ्यानं बोलतो. मग लाज वाटते."

हेवा, आणि माझा! मी म्हटलं, "चला, जेवायला चला."

केतकीने पहिली भाकरी त्यांनाच वाढली आणि लगेच शंका विचारली. माझ्या पोटात दुखलंच. जेवण झालं, शंका फिटली, सर निघायला उठले. तेव्हा पुढची शंका मीच विचारली.