बिनसुईचं इंजेक्शन आणि रामजन्म

यंदा रामजन्म मी देवळात बसून ऐकणार, हे मी पाडव्यालाच वाडीभर सांगून टाकलं होतं.

तुम्ही म्हणाल, त्यात सांगायचं काय? सांगतो. मला साखरेचा आजार. दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन. त्यामुळे दर रामनवमीला कीर्तनात बुवा ऐन रंगात आले, कौसल्येचे डोहाळे सुरू झाले, की बायकांच्या बाजूने आमची ही, दमयंती, खोकते. तो खोकला म्हणजे घरी चला, सिरिंज उकळायचीय. मी पाखाडीच्या पायऱ्या उतरत असतो आणि मागे देवळात देव जन्माला येतो. एवढी कीर्तनं ऐकली आयुष्यात. रामजन्म मात्र फक्त पाठीने ऐकलाय.

तर यंदा शेजारचा हमीद मस्कतहून आला तो माझ्यासाठी एक चकचकीत नळकांडं घेऊन.

"नाना, ह्यात सुई नाय. औषध भरायचा, चावी पिळायची, पोटाला लावून दाबायचा. औषध आपला आपण आत."

"दुखतं?"

"तुमाला कळनार पन नाय. फक्त आवाज करतो जरा."

जरा! त्याच्या ओटीवर करून पाहिलं, तर माडावरचे कावळे उडाले ते थेट आरे-वारेच्या किनाऱ्याला जाऊन बसले असतील.

पण मी बेत केला. आमच्याकडे बाराच्या ठोक्याला महिपत गुरव अंगणात मोठा बार उडवतो. बार ऐकला की गुलाल, सनई, पाळणा. त्याच बाराला मी माझा बार उडवणार. कोणाला पत्ताही लागणार नाही.

"देवळात पोट उघडं टाकून बसणार?" दमयंतीने विचारलं.

"खांबाआड. उपरण्याखाली."

ती नुसती बघत राहिली. तिचं बघणं मला खोकल्यापेक्षा जड जातं.

रामनवमीला भरलेलं नळकांडं उपरण्यात धरून खांबाआड बसलो. पुढ्यात काशीरामचं टक्कल. बुवांनी यज्ञ लावला. अग्नीतून पायसाची वाटी वर आली, दशरथाने हात पुढे केले, बुवांचा आवाज असा ओला झाला की माझे डोळे भरले. आणि भरल्या डोळ्यांनी माणूस काय करतो? हात जोडतो. मी जोडले. मधे नळकांडं होतं.

फट्ट!

गुलाल उधळला. बाहेर महिपतला वाटलं आपल्यालाच उशीर झाला, त्याने घाईघाईने बार पेटवला. सनई सुरू. पाळणा हलला. काशीरामने टकलावरून हात फिरवून भक्तीने डोळ्यांना लावला. "गुलाबपाणी शिंपडलानी वाटतं." मग हात हुंगला. "पन वास दवाखान्याचा कसा?"

बुवा चिपळ्या धरून उभेच. "अहो थांबा, थांबा. पायस अजून वाटीत आहे. राण्यांच्या पोटात जाऊ तरी द्या."

हळूहळू सगळं देऊळ खांबाआड डोकावलं. लालेलाल मी, उपरणं बाजूला, पोट उघडं, हातात नळकांडं.

बुवांनी दमलेला श्वास सोडला. "पाळणा थांबवा. जन्म बारालाच होईल."

"बुवा, बार एकच होता," महिपत दारातून म्हणाला. मग माझ्या हाताकडे बघून, "नानांचा तो परत वाजतो काय?"

"वाजतो," मी म्हणालो. "रिकामा पण वाजतो. चावी पिळायची."

त्याने नळकांडं घेतलं. बुवांनी पायस उचललं. मी मांडी नीट घातली, आणि बायकांच्या बाजूने खोकला आला.

"अहो, औषध काशीरामभाऊंच्या डोक्यावर गेलं. तुमच्या पोटात काय गेलं? चला, सिरिंज उकळायचीय."

भर उन्हात पाखाडी उतरलो. ती पुढे, मी मागे, दोघंही लाल. निम्म्या पायऱ्यांवर असताना मागून आवाज आला. फट्ट. मग सनई, मग पाळणा. माझं नळकांडं जन्माला हजर होतं.

"छान वाजलं हो," दमयंती मागे न बघता म्हणाली.

घरी तिने स्टोव्ह पेटवला. मी सदरा वर करून बसलो. सुईचं एक बरं असतं. ती गप्प असते.