गुल्हान्यांचा समुद्र

कुवेतच्या किनाऱ्यावरच्या मंगफमधल्या आमच्या इमारतीत सकाळी दाराची घंटा वाजली की दूधवाला किंवा पेपरवाला असेल, असं कोणी समजत नसे. घंटा वाजायची ती श्रीधर गुल्हान्यांची. दार उघडावं तर समोर इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाय, आणि हवेत धरलेलं ओलं बोट. "आज वारा आग्नेयेचा. कट्ट्यावर लाट गुडघाभर, डावीकडून फुटणारी. भरती दुपारनंतर. बाहेर पडण्यास हरकत नाही." एवढं बोलून ते पुढच्या दाराकडे वळत.

बाहेर, म्हणजे समुद्रात. त्या इमारतीतल्या एकाही माणसाचा समुद्रात जायचा विचार नसे. गुल्हान्यांचा तर नव्हताच. हा गृहस्थ मूळचा यवतमाळकडचा. पोहणं त्यांना येत नव्हतं आणि घोट्याच्या वर त्यांनी आयुष्यात कधी समुद्र लागू दिला नव्हता. पण आमच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्याखाली प्रवाळाचा एक लांबट कट्टा होता, आणि त्या कट्ट्यावर लाट केव्हा, कशी आणि कोणत्या वाऱ्यानं फुटते, या विषयातले कुवेतमधले एकमेव अधिकारी आपण आहोत, याबद्दल त्यांची खात्री होती. ती खरीही असावी. दुसरा कोणी उमेदवार नव्हता.

हे वेड त्यांना लावलं ते अहमदीच्या तेल कंपनीच्या कचेरीतल्या केव्हिन नावाच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यानं. केव्हिनला फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येण्याचा नाद. कुवेतच्या समुद्राला लाट येते असं म्हणणं म्हणजे पिठल्याला साय येते असं म्हणण्यासारखं आहे. पण आग्नेयेचा कौस वारा दोन दिवस सलग वाहिला की त्या कट्ट्यावर पांढरी रेघ उठायची. मग केव्हिन फळी बगलेत मारून निघायचा आणि गुल्हाने काठावर त्याचे बूट सांभाळत उभे राहायचे. असेच उभे असताना एकदा ते ओरडले, "आता येईल ती घे." केव्हिननं ती घेतली आणि परत आल्यावर म्हणाला, "गुल्हाने, तुला डोळा आहे." या एका वाक्यावर गुल्हान्यांनी पुढची वर्षं काढली.

एकदा त्यांनी आमच्या मराठी मंडळाची अख्खी सहल लाट बघायला नेली. शुक्रवार होता. डॉक्टर, इंजिनियर, त्यांच्या बायका, इंग्रजीत कुरकुरणारी पोरं असे सगळे सतरंज्या घालून समुद्राकडे तोंड करून बसलो. गुल्हान्यांनी शमाल आणि कौस या दोन वाऱ्यांच्या स्वभावावर भाषण केलं. शमाल वायव्येचा. तो जमिनीवरून येतो आणि लाटेला उभं धरतो. कौस समुद्रावरून येतो आणि लाट जन्माला घालतो. "म्हणजे कौस ही आई आणि शमाल हा शिक्षक," असं म्हणून त्यांनी टाळ्यांसाठी थोडं थांबून बघितलं. समुद्र सबंध दुपार दह्यासारखा लागलेला होता. संध्याकाळी सतरंज्या झटकताना कोणीतरी विचारलं, "गुल्हानेसाहेब, लाट कुठाय?"

"येऊन गेली जी," गुल्हाने शांतपणे म्हणाले. "तुम्ही वडे खाऊन राहिले होते तवा."

त्यांच्या दोन मराठ्या होत्या. वारा-लाटेचं निवेदन ते आकाशवाणीवरच्यासारखं शुद्ध करत. माणसांविषयी बोलायचं झालं की वऱ्हाडी आपोआप यायची. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "राहून गेलं बाप्पा." आणि लगेच शुद्ध मराठीत भरतीची वेळ सांगितली.

मी पुण्याचा, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासणारा. माणूस एखाद्या विषयावर फार बोलू लागला की त्याच्या बोलण्यात साखर किती आणि अल्ब्युमिन किती हे बघण्याची मला सवय आहे. गुल्हान्यांच्या बाबतीत माझा अहवाल स्पष्ट होता: निरुपद्रवी मोठेपणा, उपचाराची गरज नाही.

मग नव्वद सालचा ऑगस्ट आला आणि एका सकाळी रस्त्यावर इराकी रणगाडे उभे होते.

पुढच्या काही आठवड्यांत इमारत रिकामी होत गेली. लोक मिळेल त्या वाहनानं बगदाद, तिथून अम्मान, तिथून विमानानं मुंबई अशा वाटेला लागले. केव्हिन जुलैतच सुट्टीवर गेला होता. माझा पासपोर्ट रुग्णालयाच्या तिजोरीत होता आणि तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे, तो साहेब कैरोत. त्यामुळे मी राहिलो. तिसऱ्या मजल्यावरच्या शालन तांडेल राहिल्या. त्या आमच्याच रुग्णालयात नर्स. त्यांचे यजमान विनायक जहाजांना गोडं पाणी पोचवणाऱ्या एका छोट्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, होते; आडनावानंही तांडेल आणि कामानंही. आक्रमणाच्या आदल्या संध्याकाळी बोट बाहेर गेली ती परत आली नव्हती. कोणी म्हणे बहारीनला पोचली, कोणी म्हणे वाटेत अडवली. ठाऊक कोणालाच नव्हतं. आणि गुल्हाने राहिले. का, ते कोणी विचारलं नाही. समुद्र सोडवत नसेल, असं मी गृहीत धरलं.

किनाऱ्यावर काटेरी तार आली. तारेपलीकडे सुरुंग पेरले. दक्षिणेकडच्या मच्छीमारांच्या धक्क्यावर तेवढी क्वचित एखादी होडी लागे. कट्ट्यावरची लाट बघायला किनाऱ्यावर जाणं शक्य नव्हतं, तेव्हा गुल्हाने गच्चीवर जाऊ लागले. टाय बांधून, बोट ओलं करून. एक दिवस खालच्या सैनिकाला हा माणूस कोणाला तरी खुणा करतोय असं वाटलं आणि तो बंदूक घेऊन धडधडत वर आला. मीही मागोमाग गेलो. गुल्हान्यांनी इंग्रजी, हिंदी आणि बाजारातलं अरबी मिसळून त्याला शमाल समजावला, कौस समजावला, प्रवाळ समजावलं. आई आणि शिक्षकावर आले तेव्हा सैनिकानं बंदूक खांद्याला अडकवली आणि तो जिना उतरून गेला. गुल्हान्यांचं पूर्ण ऐकून घेणं हत्यारबंद माणसालाही जमलं नाही.

आता घंटा वाजवायला दारं उरली नव्हती. माझं होतं, पण मला ते वगळू लागले होते. निवेदन फक्त तिसऱ्या मजल्यावर होई. एका सकाळी ड्यूटीवर निघताना ते माझ्या कानावर पडलं.

"आज कौस जोरात. कट्ट्यावर पुरुषभर लाट, सगळा फेस. लहान बोटीनं येऊ नये."

शालनबाई म्हणाल्या, "बरं, काका." दार लागलं.

मी जिन्याच्या खिडकीतून समुद्राकडे बघितलं. त्यावर रांगोळी काढता आली असती. वाऱ्याचं नाव नव्हतं. आधी मला वाटलं, बिचाऱ्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं. "लहान बोटीनं येऊ नये." इतकी वर्षं हा माणूस बाहेर पडण्याविषयी बोलत आला होता. आता येण्याविषयी बोलत होता. तेव्हा उलगडलं. विनायक आज आले नाहीत, कारण आज समुद्र खवळलेला आहे. उद्या बघू. उद्याही खवळलेला असे. त्या शरदात कुवेतच्या समुद्रावर गुल्हान्यांनी जी वादळं आणली, तशी निसर्गानं तिथे कधी आणली नसतील.

खोटं बोलून कोणाला झोप लागत असेल तर लागू दे, असं वाटलं. पण दिवाळी गेली. कुवेत सोडायला इराकला दिलेली मुदत जानेवारीत संपणार आणि मग युद्ध होणार, हे सगळं जग रेडिओवर सांगत होतं. आपल्या उरल्यासुरल्या लोकांसाठी धडपडणाऱ्या मंडळींनी निरोप दिला की डिसेंबरात एक बस निघते आहे, नंतरचं सांगता येत नाही. मी शालनबाईंकडे गेलो.

"मी नाही यायची," त्या म्हणाल्या. "हे आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

"अहो, चार महिने झाले."

"समुद्र कुठे बरा आहे? काका रोज सांगतात ना."

मी तिथून तडक गुल्हान्यांकडे गेलो आणि माझ्या पुणेरी तोंडाला येईल ते बोललो. तुमच्या त्या बोटानं एका बाईला इथे बांधून ठेवलंय, असं म्हणालो. उद्या इथे बाँब पडतील तेव्हा कोणत्या दिशेचा वारा सांगणार, असंही म्हणालो. सगळं झाल्यावर ते खुर्चीवर बसले.

"तिले एका दिवसापुरतं काही पाहिजे होतं जी," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी रडून राहिली होती. म्या म्हटलं, आज वारा खराब हाय, आज कोणी येत नसते. तर जेवली. मंग दुसऱ्या दिवशी काय सांगू? म्या एकेक दिवसच दिला तिले. ते जमून जमून इतके होतील, हे ध्यानात आलं नाही."

"आता खरं सांगावं लागेल."

"हो जी," ते म्हणाले. "डोळा हाय म्हणे मले."

सकाळी ते टाय बांधून आले. मला सोबत चला म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर घंटा वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला. मग वाजवली. शालनबाई पदराला हात पुसत आल्या. गुल्हान्यांचं बोट कोरडं होतं.

"आज वारा नाही," त्यांनी शुद्ध मराठीत सुरुवात केली. "काल नव्हता. परवा..." तिथे शुद्ध मराठी संपली. "शालनबाई, मी खोटं सांगून राहिलो होतो. इतक्या महिन्यांत समुद्र कितीकदा पाटासारखा शांत होता. होडी काय, टोपल्यात बसून बी माणूस आला असता. ज्याले यायचं होतं, तो..."

शालनबाई त्यांच्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे.

"माहीत आहे मला, काका."

"काय माहीत हाय?"

"अहो, मी वेंगुर्ल्याची. बापूस समुद्रावर जातो, भाऊ जातात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. यवतमाळच्या माणसानं सांगावी होय लाट मला?"

गुल्हान्यांनी आपल्या कोरड्या बोटाकडे बघितलं. "मंग बोलल्या काऊन नाही?"

"माझ्या एकटीच्या मनाला ते पटत नव्हतं. पण कोणीतरी टाय बांधून रोज दारात येऊन सांगत होतं. तेवढं मला पुरत होतं." त्यांनी पदर सोडला. "आज तुम्हीच नाही म्हणालात. आता कोणाच्या भरवशावर राहू?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, माझं नाव घाला बसमध्ये."

बस निघाली त्या दिवशी खरोखरच जोराचा शमाल होता. वाळू डोळ्यांत जात होती. शालनबाईंनी खिडकीतून हात काढून घराची किल्ली गुल्हान्यांच्या हातात दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. युद्ध झालं, सैन्य पळालं आणि जाताना तेलविहिरी पेटवून गेलं. त्या आमच्या पाठीशी, पश्चिमेला. जमिनीवरून वारा आला की मंगफमध्ये भर दुपारी दिवे लावून गाड्या चालत. कपडे, भांडी, मांजरं, सगळं काळं. वाऱ्याला खरोखर महत्त्व आलं होतं. रस्त्यावरची माणसं एकमेकांना पहिला प्रश्न वाऱ्याचा विचारत. नेमकं तेव्हाच गुल्हान्यांनी वारा सांगणं बंद केलं होतं. कोणी विचारलं तर म्हणत, "दिसतेच आहे जी."

कैरोचा साहेब परत आला, तिजोरी उघडली आणि माझा पासपोर्ट मला मिळाला. निघण्याआधी निरोप घ्यायला मी गुल्हान्यांकडे गेलो तर दाराला कुलूप. जिना उतरताना तिसऱ्या मजल्यावर शालनबाईंचं दार सताड उघडं दिसलं. उंबऱ्याबाहेर त्यांचे बूट काढून ठेवलेले होते. आत ते टाय खांद्यावर टाकून खिडकीची चौकट ओल्या फडक्यानं पुसत होते. काचेबाहेर समुद्र नव्हता. काळोख होता. दुपारचे अडीच वाजले होते.

"हे काय?" मी विचारलं.

"काजळी फार लवकर बसते बाप्पा. रोज पुसा लागते. बोटी चालू झाल्या म्हणतात. माणूस आला तर त्याले घर घरासारखं दिसलं पाहिजे."

मला पुढचं बोलायला नको होतं, पण मी बोललो. "गुल्हाने, तो येणार नाही असं तुम्हीच तिला सांगितलंत ना?"

"तिले सांगितलं," ते म्हणाले. "तिले घर होतं जायले. मायबाप हायेत तिकडे."

त्यांनी फडकं बादलीत पिळलं. पाणी काळं निघालं. बादली मोरीत ओतून ते नवं पाणी घेऊन आले आणि मी अजून दारातच उभा आहे हे पाहून म्हणाले, "मले कुठं जायचं हाय?"

मग पहिल्या खिडकीवर पुन्हा काजळी बसली होती, ती पुसायला लागले.