वांग्याचा संवर्त

नेनेकाका मंडईत वांगी घेत नाहीत, शिकवणी घेतात. वांग्याच्या डोक्यावरच्या हिरव्या काटेरी टोपीला बोट लावून विचारतात, "याला काय म्हणतात?"

"देठ," भाजीवाली शेवंताबाई म्हणते.

"देठ म्हणजे दांडी. टोपीला संवर्त म्हणतात. कळी असताना फुलाला झाकतो तो. पाकळ्या गळतात, हा गळत नाही; फळाबरोबर वाढतो. म्हणा, संवर्त!"

म्हटल्याशिवाय गृहस्थ पिशवी उघडत नाहीत. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली.

काका कसब्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. जन्म बँकेत गेला. वनस्पतिशास्त्र कॉलेजात शिकवायच्या त्या काकू. जाच मात्र हे करणार.

मी लोकांच्या भाषेसाठी पत्रकं काढणारा माणूस. शेवटी भर मंडईत भडकलो. "काका, पहाटेपासून बसलेल्या बाईवर असले शब्द लादायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"पत्रक काढ. वाचणारा मिळाला तर कळव."

मी न्यायासाठी शेवंताबाईकडे वळलो. ती म्हणाली, "जाऊ द्या हो दादा. संवर्त तर संवर्त. तुम्ही जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक येऊ द्या."

आमचा लढा तिथेच संपला.

गेल्या रविवारी काका चक्क काकूंना घेऊन आले. आजारपणात काकूंचे शब्द हरवत चाललेत. पाणी, चमचा असले साधे शब्द आधी गेले. कॉलेजातले तेवढे अजून टिकून आहेत. लोक "काय? काय म्हणालात?" विचारतात, म्हणून त्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं.

काकू वांग्यांपाशी वाकल्या. ओठ हलले, शब्द येईना. काकांनी पिशवी घट्ट धरली, पण मदतीला गेले नाहीत.

"संवर्त... हिरवा बघून द्या," काकू म्हणाल्या.

"हिरवागार आहे, बाई. हात लावून बघा, टोचतोय," शेवंताबाई म्हणाली, आणि वांगी पुढे सरकवली.

बाजूच्या गाळेवाल्यानं हाक दिली, "बाई, इकडचाही संवर्त बघा की!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर या माणसानं गाळ्यांची अख्खी रांग कुणासाठी पढवून ठेवली होती!

काकू रुबाबात एकेक वांगं पारखू लागल्या. मग शेवंताबाईकडे झुकून हळूच म्हणाल्या, "ते गृहस्थ मघापासून माझ्या मागे उभे आहेत. कोण आहेत?"

शेवंताबाईनं काकांकडे पाहिलं.

"चांगले आहेत, बाई. टाका वांगी त्यांच्या पिशवीत."

काकांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.