होडी किनाऱ्याला लागेपर्यंत

ताईंची दाढ भरून झाली आणि त्यांना फार वाईट वाटलं.

दाढ छान भरली गेली होती, ठणकाही थांबला होता. पण आता दवाखान्यात यायला काही कारण उरलं नव्हतं, आणि पिशवीतली कादंबरी जेमतेम निम्मी झाली होती.

ताई घरी शिवणकाम करायच्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, कोपऱ्यात पडद्यांच्या कापडाचे तागे, खुंट्यांवर एकेका बाहीचे फ्रॉक. यजमानांचं खाली रस्त्यावर गाद्यांचं दुकान, म्हणून त्यांना सगळे गादीवाले म्हणत. घरात सासूबाई आणि सासरे. माणसं एकजात प्रेमळ, पण प्रेमळ माणसं हाका फार मारतात. ताईंनी पुस्तक उघडलं रे उघडलं की सासऱ्यांचा चष्मा हरवायचा, दुकानातून सुई-दोऱ्याचा निरोप यायचा, एखादं गिऱ्हाईक विजार घट्ट होते म्हणून दारात उभं राहायचं. "काही करत नाहीयेस ना? मग जरा इकडे ये," असं घरातलं कुणीही म्हणायचं. वाचणं म्हणजे काही न करणं, अशी त्या घराची अगदी प्रामाणिक समजूत होती. वाक्याचा कर्ता सकाळी भेटला तर क्रियापद संध्याकाळी, अशा गतीने ताईंचं वाचन चालायचं.

आणि कादंबरी तरी कशी. एका दीपगृहात एक बाई एकटीच राहते, आणि लांब समुद्रातून कुणीतरी होडी वल्हवत तिच्याकडे येतंय. होडीत कंदील आहे, कंदिलामागे माणूस आहे, पण तोंड दिसत नाही. लेखकाला घाई म्हणून नव्हती. प्रकरणामागून प्रकरण संपायचं आणि होडी एखादी लाट पुढे सरकायची. शिवताना मशीनच्या पायट्यावर पाय हलत असला की ताईंना वाटायचं, आपणच वल्ही मारतोय.

अशात दाढ दुखली, आणि दातांच्या दवाखान्यातली ती बसायची खोली त्यांना सापडली.

गावात अशी दुसरी जागा नव्हती. खोलीभर माणसं, आणि सगळ्यांची तोंडं मिटलेली. कुणाचा गाल सुजलेला, कुणाच्या तोंडात कापूस. कुणी कुणाची चौकशी करत नव्हतं. भिंतीशी एक माशांची काचपेटी, तिच्यातून बुडबुडे वर जात आणि पाण्याचा हिरवट उजेड समोरच्या भिंतीवर डुलत राही. डॉक्टर तरुण होते आणि एकेका दाताशी तब्येतीत वागत, त्यामुळे नंबर लवकर लागत नसे. ताईंनी पुस्तक उघडलं, त्यांच्या सवयीप्रमाणे गाल तळहातावर टेकवला, आणि भिंतीवरचा तो उजेड हळूहळू समुद्र झाला. मदतनीस बाईंनी नाव पुकारलं तेव्हा ताई इतक्या लांबून परत आल्या की आपलं नाव कोणतं हे त्यांना क्षणभर आठवेना.

म्हणून दाढ बरी झाल्यावरही, कामं उरकली की संध्याकाळी ताई पिशवी उचलायच्या आणि म्हणायच्या, "दातांच्या दवाखान्यात जाऊन येते."

इथे एक सांगायला हवं. खोटं बोलायचं नाही, हा ताईंचा नेम होता. लहानपणी घेतलेला आणि आजवर पाळलेला. त्या दवाखान्यातच जात होत्या. दात दुखतो असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. ऐकणाऱ्याने पुढचं मनानेच जोडून घेतलं, तर त्याला नेमात काही उपाय सांगितलेला नव्हता.

दवाखान्यात नंबर जवळ आला की त्या शेजाऱ्याकडे बघून हळूच म्हणायच्या, "तुम्ही जा आधी. तुम्हाला फार दुखतंय." हेही खरंच असायचं. असं करता करता दवाखाना बंद व्हायची वेळ व्हायची आणि ताई प्रसन्न चेहऱ्याने घरी परतायच्या. मदतनीस बाई डॉक्टरांना सांगू लागल्या की अशी बाई पाहिली नाही, स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून रोज दुसऱ्याला पुढे धाडते. सुजल्या गालांची माणसं जाताना ताईंना नमस्कार करून जाऊ लागली. ताई संकोचून पुस्तकात तोंड लपवायच्या. त्यामुळे तर त्या फारच विनयशील ठरल्या.

घरी वेगळंच चाललं होतं. सून रोज दवाखान्यात जाते म्हणजे दुखणं साधं नाही, असं ठरलं. ताई कपडे बेततानासुद्धा, होडीत कोण असेल या विचारात गालावर हात ठेवून बसायच्या, ते सगळ्यांना दिसत होतं. सासूबाईंनी स्वयंपाकाचा ताबा घेतला आणि घरात मऊ भात, भाज्यांचं पातळ सूप आणि कुस्करलेलं केळं यांचं राज्य आलं. सूनबाईसमोर आपण कुडुमकुडुम चावत बसणं बरं दिसत नाही, म्हणून सगळ्यांना तेच. सासऱ्यांचे दात या वयातही लोखंडासारखे होते, आणि भाजलेले दाणे हा त्यांचा एकुलता एक शौक. ते बिचारे दाण्याचा डबा घेऊन जिन्यात जाऊन बसत आणि वर येताना मिशा पुसून येत.

ताईंना हे सगळं बघून कानकोंडं व्हायचं. एकदा जेवताना त्यांनी स्पष्टच सांगितलं की माझी दाढ अजिबात दुखत नाही, तुम्ही आपलं नेहमीचं जेवा.

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "बघ," ते सासूबाईंना म्हणाले, "किती सोसते पोरगी."

त्यानंतर ताईंच्या खऱ्याला कुणी विचारेनासं झालं. त्या जितकं खरं बोलत, तितकं त्यांचं दुखणं वाढत होतं. गादीवाल्यांनी दुकानातली सगळ्यात मऊ उशी आणून दिली. शेजारणीने लवंगेचं तेल पाठवलं. हाका मारणंही कमी झालं, पण त्याऐवजी दर थोड्या वेळाने कुणीतरी दबक्या आवाजात "कसं वाटतंय आता?" असं विचारायला येऊ लागलं. हाक परवडली, इतकी ही काळजी लांब चालायची. त्यामुळे वाचायला दवाखान्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. आणि तिकडे होडी आता दीपगृहाच्या पायऱ्यांपाशी पोहोचली होती. कंदीलवाल्याने दोर फेकला होता. मोजकी पानं उरली होती.

नेमक्या त्याच दिवशी गादीवाले दुकानाचं दार ओढून घेऊन म्हणाले, "आज मी येतो बरोबर. इतके दिवस काय करतोय तो डॉक्टर, मला बघायचंय."

ताई म्हणाल्या, तुम्ही कशाला येता, मला काहीही होत नाहीये. हे ऐकून त्यांनी ताईंच्या हातातली पिशवीसुद्धा स्वतःकडे घेतली.

गादीवाले तसे गरीब स्वभावाचे, पण बायकोच्या दाढेपायी त्या दिवशी त्यांना चेव आला होता. नंबरबिंबर न बघता ते ताईंना घेऊन थेट आत गेले आणि डॉक्टरांना म्हणाले की माझी बायको रोज तुमच्या दारात येते, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, आज काय तो निकाल लावा. डॉक्टरांचा चेहरा उतरला. ही बाई रोज येते आणि खुर्चीपर्यंत न येताच परत जाते, हे मदतनीस बाईंकडून त्यांच्या कानावर होतंच. आपल्या हाताची हिला भीती बसली असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ती दाढ त्यांनीच तर भरली होती.

त्यांनी दिवा पुढे ओढला आणि एकेका दातावर टकटक केलं. "इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही हो."

"ती नाहीच म्हणणार," गादीवाले मागून म्हणाले. "तिचा स्वभाव आहे तो. त्या उजव्या बाजूला बघा, तिकडेच हात असतो तिचा सारखा."

डॉक्टर खाली मान घालून म्हणाले की मग माझ्याच कामात काहीतरी राहिलं असेल. आपण भरलेली दाढ उघडून बघू, आत किडलेली निघाली तर काढून टाकू.

आता मात्र ताई घाबरल्या. दाढ चांगली होती, त्यांची स्वतःची होती, आणि जन्मभर पुरली असती. सगळं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडण्याचा एकच अर्थ होतो. डॉक्टरांनी चपळाईने दोन्हीकडे कापूस बसवला, सुई टोचली, आणि प्रेमाने म्हणाले, "झालं. आता बाहेर बसा. बधिर झालं की बोलावतो."

दोघं बाहेर येऊन माशांच्या पेटीसमोर बसली. ताईंचा ओठ हळूहळू जड व्हायला लागला होता. अजून बोलता आलं असतं. त्यांनी नवऱ्याच्या काळजीने सुकलेल्या तोंडाकडे बघितलं. मग त्याच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं. होडी पायऱ्यांना लागली होती, कुणीतरी वर चढत होतं, आणि दीपगृहातली ती बाई दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती. तिला तसंच उभं ठेवून दाढेचं काय बोलायचं? एवढं पान वाचते आणि सांगते, असं ताईंनी ठरवलं. त्यांनी पुस्तक काढलं, गाल तळहातावर टेकवला आणि वाचायला लागल्या.

ते पान संपेपर्यंत जीभ कुठे आहे ते कळेनासं झालं होतं. त्यांनी पुढचं पान उलटायला बोट लावलं.

"थांब," गादीवाले म्हणाले. "माझं व्हायचंय अजून."

ताईंनी मान वळवली. गादीवाले त्यांच्या खांद्यावरून पुस्तकात बघत होते. ओठ हलत होते. शाळा सुटल्यापासून त्यांनी गादीवरच्या लेबलापलीकडे काही वाचलेलं ताईंना आठवत नव्हतं. त्यांचं झाल्यावर त्यांनी मान हलवली, ताईंनी पान उलटलं. मासे आपल्या वाटेने फिरत होते. हिरवा उजेड दोघांच्या हातांवरून, पानावरून सावकाश वाहत होता. दाराची कडी अजून निघाली नव्हती.

मदतनीस बाईंनी नाव पुकारलं.

"दुसऱ्या कुणाला घ्या आधी," गादीवाले वर न बघताच म्हणाले.

मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पुस्तकाकडे बघितलं, खोलीतल्या मिटल्या तोंडांकडे बघितलं, आणि शेवटी बायकोच्या तळहातावर टेकलेल्या गालाकडे.

"अगं, म्हणजे रोज हेच?"

ताईंनी मान डोलावली. नेम मानेलाही लागू होता.

"पण घरी का नाही वाचत तू?" असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट बघत बसले. ताईंना बोलता येत नव्हतं, त्यामुळे उत्तर त्यांना स्वतःच शोधावं लागलं. ते डोळ्यांसमोर एकेक खोली आणून बघू लागले. मशीनची खोली, तिथे गिऱ्हाईक. स्वयंपाकघर, तिथे आई. मागची खोली, तिथे बाबांचा चष्मा. आणि सगळ्या खोल्यांतून, खालून जिन्यातून, वर येणारा एक आवाज, "अगं ए, काही करत नाहीयेस ना?" तो आवाज त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता.

त्यांनी पुस्तक ताईंकडे सरकवलं. मग उठून एकटेच आत गेले. डॉक्टरांशी काय बोलले ते बाहेर ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर, परीक्षेत नापास झालो असं वाटत असताना पास झालेल्या माणसाचं समाधान होतं. दाढ उत्तम आहे, ते ताईंना म्हणाले, आणि जरा घुटमळून म्हणाले की आमच्याकडे ही खुर्ची तुमचीच समजा.

तोवर ताईंची कादंबरी संपली होती.

घरी जाताना गादीवाल्यांनी पुस्तक स्वतःच्या काखेत धरलं होतं. वळणापाशी त्यांना राहवेना. "कोण होतं मग होडीत?" त्यांनी विचारलं. ताई खूप काही बोलल्या. त्यातलं एक अक्षर ओळखू येईल तर शपथ. "राहू दे," गादीवाले घाईने म्हणाले. "माझं मी बघतो."

दारातच सासरे उभे. "काढली का?" त्यांनी विचारलं. दाढ शाबूत आहे आणि दुखणं पार गेलं आहे हे कळल्यावर त्यांनी वर बघून हात जोडले, आणि डबा घेऊन उघडपणे गॅलरीत जाऊन बसले.

ते गेल्याची खात्री करून सासूबाई सुनेच्या जवळ सरकल्या.

"कोण होतं गं त्या होडीत?"

ताईंनी नवऱ्याच्या काखेतल्या पुस्तकाकडे बघितलं.

"तू मशीनवर बसलीस की ती पिशवी खुंटीलाच असते की," सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "तुझ्या मागोमागच होते मी. पण तू रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन जातेस, मग माझं राहून जातं. आज तर तू सकाळपासून पिशवी हातातून सोडली नाहीस. दोर फेकला त्याने, तिथे अडकलेय मी."

म्हणजे सून दवाखान्यात वाचायला जाते हे आईला ठाऊक होतं; इतके दिवस घरात कुणी शंका घेऊ नये, सुनेला निवांत वाचू द्यावं, यासाठी मऊ भात कोण रेटत होतं ते आता गादीवाल्यांना उमगलं. त्यांनी काखेतलं पुस्तक आणखी घट्ट धरलं. "आई, मी पहिल्या पानापासून वाचणार आहे," ते म्हणाले. "उद्यापासून दवाखान्यात जाऊन. इथे काही व्हायचं नाही."

"मग मीही येते दवाखान्यात."

"तू? आई, तुझ्या तोंडात एक तरी दात आहे का?"

"नाही ना," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे डॉक्टरला दात शोधायला किती वेळ लागेल बघ."